बारा वर्षांची वहिवाट आणि जमिनीचा ताबा: दावा कुठं, कधी आणि कसा लावायचा

"बारा वर्षं कसली की जमीन आपली" हे वाक्य करवीरपासून चंदगडपर्यंत कुठल्याही पारावर ऐकायला मिळतं. त्यावर भरवसा ठेवून कसणारा माणूस वर्षानुवर्षं कोर्टात पैसा घालतो. त्याच वाक्याच्या धास्तीनं खरा मालक पडेल त्या किमतीला जमीन सोडून देतो. दोघांचंही नुकसान टाळता येतं. त्यासाठी वकिलाकडं जाण्याआधी एका प्रश्नाचं खरं उत्तर घरातच शोधायला हवं: समोरच्याचा ताबा सुरू कसा झाला? किती वर्षं झाली, हा प्रश्न त्यानंतरचा. ताबा कशातून आला यावरून मुदत ठरते आणि दावा कुठल्या कोर्टात चालणार तेही ठरतं. इथं घोळ झाला, की चुकीच्या दारात पाच-सात वर्षं जातात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आधी ताब्याचं मूळ शोधा

कायद्याला हवा असलेला प्रतिकूल कब्जा म्हणजे मालकाच्या हक्काला उघड आव्हान देऊन, त्याला कळेल अशा रीतीनं, खंड न पडता ठेवलेला ताबा. जबरदस्तीनं राखलेला नको, चोरून ठेवलेला नको आणि परवानगीचा तर मुळीच नको. सर्वोच्च न्यायालयानं कर्नाटक वक्फ मंडळाच्या २००४ च्या निकालात दावेदारानं काय काय सिद्ध करायचं ते सांगितलं आहे: ताबा कोणत्या तारखेला घेतला, तो कोणत्या स्वरूपाचा होता, मालकाला तो माहीत होता का, किती काळ चालला आणि उघड व बिनहरकत होता का. यातली सुरुवातीची तारीखच बहुतेकांना सांगता येत नाही.

आता आपल्याकडचे नेहमीचे प्रकार बघा. फाळ्यानं (ठरावीक खंडानं) किंवा वाट्यानं दिलेली जमीन, राखणीला ठेवलेल्या माणसाची खोप, "पोरगं शिकून परत येईपर्यंत तुम्ही कसा" म्हणून नातेवाइकाला दिलेलं रान, हे सगळं परवानगीचं. असा ताबा पन्नास वर्षं चालला तरी आपोआप प्रतिकूल होत नाही. संचकार (विसार देऊन केलेला खरेदीचा करार) करून ताबा घेतला आणि खरेदीपत्र राहून गेलं, तर तो ताबाही करारातून आलेला, म्हणजे मालकाची मालकी मान्य करून घेतलेला. अशा खरेदीदाराला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३-अ चा (कराराप्रमाणे घेतलेल्या ताब्याला संरक्षण) आधार शोधता येतो, प्रतिकूल कब्जाचा सहजासहजी नाही. कब्जेगहाणाचंही (जमिनीचा ताबा देऊन केलेल्या गहाणाचंही) तसंच. गहाण सोडवून ताबा परत मागायला ३० वर्षांची मुदत आहे आणि तोवर सावकाराचा ताबा गहाणदार म्हणूनच असतो.

भावकीचा प्रकार सर्वात जास्त आढळतो, म्हणून त्यावर थोडं थांबतो. आजरा, चंदगड, गडहिंग्लज, भुदरगड या भागातली अनेक घरं पिढ्यान् पिढ्या मुंबईत पोट भरायला गेली. गावाकडं राहिलेल्या भावानं सगळी जमीन कसली, घरपट्टी-शेतसारा भरला, सोसायटीचं कर्ज काढलं. पुढच्या पिढीत तो म्हणतो, "चाळीस वर्षं तुम्ही फिरकला नाही, आता हिस्सा कसला?" कायदा इथं मुंबईकराच्या बाजूनं बराच भक्कम आहे. एका सहहिस्सेदाराचा ताबा हा सगळ्यांच्या वतीनं धरला जातो, हे सर्वोच्च न्यायालयानं पी. लक्ष्मी रेड्डी प्रकरणात १९५६ सालीच सांगितलं. गावच्या भावानं उघडपणे "तुझा हक्क मला मान्य नाही" असं सांगून त्याला बाहेर ठेवल्याचं सिद्ध व्हायला हवं. नुसतं एकट्यानं उत्पन्न खाल्लं, एवढं पुरत नाही. पण त्यानं हक्क नाकारणारी नोटीस पाठवली असेल, किंवा मुंबईकराला कळवून फेरफारानं नाव कमी केलं असेल, तर त्या तारखेपासून घड्याळ सुरू झालं असं समजून चाला.

राहिली बांधाची भानगड. पंचगंगेच्या काठचं एखादं गाव घ्या. महापुराचा गाळ बसला, बांध मोडला, शेजाऱ्यानं पुढच्या उसाच्या लागणीत दोन सऱ्या अलीकडं काढल्या. दहा-पंधरा वर्षांनी मोजणीत तुमचे सहा गुंठे त्याच्याकडं निघाले. तो म्हणतो, बारा वर्षं उलटली. इथं विचारायचं, की त्याला ती जागा तुमची आहे हे माहीत होतं का? टी. अंजनप्पा प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की खरा मालक कोण हेच ज्याला पक्कं ठाऊक नाही, त्याचा ताबा मालकाविरुद्ध होता असं म्हणता येत नाही. दोघंही हद्दीबद्दल अंधारात असतील तर शेजाऱ्याचा बचाव लंगडा पडतो. उलट, आधीच्या मोजणीत अतिक्रमण निघालं होतं, क-प्रत (मोजणीचा नकाशा) दोघांना मिळाली होती, तरी त्यानं जागा सोडली नाही आणि तुम्हीही गप्प बसला, तर तीच क-प्रत त्याच्या कामी येते.

कागद गोळा करा, पण त्यांची ताकद ओळखून

सातबारावर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही आणि नाव नाही म्हणून ती जातही नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५७ प्रमाणे हक्कनोंद खरी असल्याचं गृहीत धरतात, पण ते गृहीतक पुराव्यानं मोडता येतं. म्हणून सातबाऱ्यावर न थांबता मागं जायचं: जुना हस्तलिखित सातबारा, त्यावर गोल केलेले फेरफार क्रमांक, त्या प्रत्येक फेरफाराची नक्कल, फाळणी बारा (पोटहिश्श्यांच्या मोजणीचा अभिलेख), आकारफोड (हिश्श्यांवर वाटलेल्या साऱ्याचा तक्ता), आणि मूळ खरेदीपत्र किंवा वाटपपत्र. फेरफाराच्या नक्कलेत वर्दी (नोंदीसाठीची खबर) कुणी दिली आणि नोटीस कुणाकुणाला लागली, हे नीट वाचा. भावकीच्या दाव्यात अर्धी लढाई तिथंच असते.

ताब्यासाठी गाव नमुना बाराचा पीकपाहणीचा भाग बघायचा. खातेदाराऐवजी दुसराच कसतो आहे असं आढळलं, तर ते नमुना १४ मध्ये जातं आणि तहसीलदार चौकशी करून ठरवतात. त्या चौकशीची फाईल असेल तर तिची नक्कल अवश्य काढा, कारण तिथले जबाब पुढं कोर्टात फार बोलतात. एखाद्यानं जबाबात "मी फाळ्यानं कसतो" असं सांगितलेलं असलं, तर त्याचा प्रतिकूल कब्जा तिथंच संपला. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. तिच्यातल्या नोंदी उपयोगी आहेत, पण नोंद खातेदाराच्या खात्यावर होते. प्रत्यक्ष कोण राबतं ते दाखवायला दुसरा पुरावा जोडावाच लागतो.

कोल्हापूर जिल्ह्यात असा दुसरा पुरावा भरपूर मिळतो आणि लोक तोच आणत नाहीत. साखर कारखान्याकडची ऊसनोंद, ऊसबिलं, गुऱ्हाळाच्या पट्ट्या, पाणीपुरवठा संस्थेची पाणीपट्टी, विकास सोसायटीच्या पीककर्जाचा उतारा, मोटारीचं वीजबिल. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर झालेल्या पीकनुकसानीच्या पंचनाम्यात नाव कुणाचं, सही कुणाची, हेही बघा. कसणाऱ्यानं वर्षवार एक वही करावी आणि प्रत्येक वर्षापुढं एक तरी कागद लावावा. मधली तीन-चार वर्षं रिकामी राहिली तर सलगता तुटल्याचा युक्तिवाद येणारच.

हद्दीचा वाद असेल तर दाव्याआधी उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडं हद्द कायम मोजणी मागवा. लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटीस गेली पाहिजे, नाहीतर ती मोजणी कोर्टात टिकवणं जड जातं. क-प्रतीवर अभिलेखाची हद्द आणि वहिवाटीची हद्द वेगवेगळी दाखवलेली असते. या दोन रेषांमधलं क्षेत्र म्हणजेच तुमची दावा मिळकत. दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ७ नियम ३ प्रमाणे मिळकतीचं वर्णन ओळख पटेल असं द्यावं लागतं. "गट नंबर अमुक पैकी सहा गुंठे" एवढंच लिहिलेला दावा जिंकूनही उपयोग होत नाही, कारण बेलिफाला (कोर्टाच्या अंमलदाराला) शेतात कोणते सहा गुंठे ते कळत नाही. चतुःसीमा लिहा आणि नकाशा दाव्याला जोडा.

तारखा

सहा महिने, बारा वर्षं, तीस वर्षं. हे तीन आकडे डोक्यात ठेवा.

ताबा नुकताच काढून घेतला असेल, तर पहिले सहा महिने सोन्याचे आहेत. या काळात मालकी सिद्ध न करताही ताबा परत मिळवता येतो (मार्ग पुढं दिले आहेत). सहा महिने टळले की मालकीच्या जोरावर दावा लावावा लागतो. मुदत कायदा १९६३ च्या अनुच्छेद ६५ प्रमाणे त्याला बारा वर्षं आहेत आणि ती मोजायची प्रतिवादीचा ताबा प्रतिकूल झाल्यापासून. मालकी शाबीत न होता आधीच्या ताब्यावरच दावा असेल तर अनुच्छेद ६४ लागतो, तिथंही बारा वर्षं, पण ताबा गेल्याच्या तारखेपासून.

१९०८ च्या जुन्या मुदत कायद्यात ताबा गेलेल्या मालकाला, आपण बारा वर्षांच्या आत ताब्यात होतो हे दाखवावं लागे. १९६३ नंतर ते ओझं राहिलं नाही. मालकानं हक्क शाबीत केला की ताबा कधीपासून आणि कसा प्रतिकूल झाला हे प्रतिवादीनं सिद्ध करायचं. अनेक मालक आजही जुन्या समजुतीनं घाबरून दावाच लावत नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

बारा वर्षं खरोखरच प्रतिकूल ताब्यात गेली, तर १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम २७ प्रमाणे मालकाचा हक्कच संपतो. म्हणून लक्षात ठेवा: वकिलाची नोटीस पाठवून, पोलिसांत अर्ज देऊन किंवा तलाठ्याकडं तक्रार करून मुदत थांबत नाही. ती थांबते दावा दाखल केल्यानं, किंवा समोरच्यानं तुमची मालकी मान्य केल्यानं. मुदत सुरू झाली तेव्हाच मालक अज्ञान (वयानं लहान) असेल तर त्याला सज्ञान झाल्यावर किमान तीन वर्षं मिळतात. पण वडिलांच्या हयातीत मुदत सुरू झाली आणि नंतर ते वारले, तर मुलं लहान आहेत म्हणून ती थांबत नाही. विधवा आणि लहान मुलांच्या जमिनी याच खाचेतून निसटतात.

शासकीय जमिनीसाठी शासनाला दाव्याची मुदत ३० वर्षं आहे. शासनानं मात्र नागरिकाच्या जमिनीवर प्रतिकूल कब्जा सांगायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं हरियाणाच्या २०११ च्या आणि हिमाचलमधल्या विद्या देवींच्या २०२० च्या प्रकरणात ठणकावून सांगितलं आहे. संपादन न करता ज्यांच्या शेतातून रस्ता गेला, त्यांनी हे दोन निकाल वकिलांना दाखवावेत.

कुठल्या दारात जायचं

शेतजमिनीचा ताबा सहा महिन्यांच्या आत बेकायदा गेला असेल तर तहसीलदारांकडं मामलेदार न्यायालय कायदा १९०६ च्या कलम ५ खाली दावा लावा. बांध फोडणं, पाण्याची वाट अडवणं, रस्ता अडवणं हेही इथंच येतं, आणि मनाईही मागता येते. इथं मालकी कुणाची हे ठरत नाही, ताबा कुणाचा होता आणि कायदेशीर मार्गाशिवाय गेला का, एवढंच बघतात. निकालावर अपील नाही. कलम २३ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडं पुनरीक्षण अर्ज करता येतो. मिळालेला ताबा दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा (डिक्री) येईपर्यंत टिकतो.

प्लॉट, घर, दुकानाची जागा असेल तर तोच उपाय दिवाणी न्यायालयात आहे, विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली. मुदत सहा महिनेच, अपील नाही, आणि शासनाविरुद्ध हा दावा चालत नाही. त्यात हरलात तरी मालकीवर वेगळा दावा लावायचा हक्क शाबूत राहतो.

मालकीचा आणि प्रतिकूल कब्जाचा प्रश्न फक्त दिवाणी न्यायालय ठरवतं. तलाठी, मंडल अधिकारी, तहसीलदार, प्रांत यांपैकी कुणालाही "बारा वर्षं ताबा आहे, सबब मालक म्हणून नाव लावा" असा हुकूम करता येत नाही. असा अर्ज करण्यात दोन-तीन वर्षं घालवू नका, आणि समोरच्यानं केला तर त्याला घाबरू नका, फक्त हजर राहून लेखी हरकत द्या.

दिवाणी दावा जमीन जिथं आहे त्या हद्दीतल्या आणि त्या मूल्याचा अधिकार असलेल्या सर्वात खालच्या न्यायालयात लावायचा. मालक पुण्यात राहतो म्हणून राधानगरीच्या जमिनीचा दावा पुण्यात लागत नाही. शेतसारा आकारलेल्या जमिनीचं मूल्यांकन बहुधा आकाराच्या (साऱ्याच्या) पटीत होतं, बाजारभावानं नाही. म्हणून लाखोंच्या बागायतीचा दावाही तालुक्याच्या कनिष्ठ स्तर न्यायालयात बसू शकतो. मूल्यांकन चुकलं तर न्यायालय दावा योग्य ठिकाणी लावण्यासाठी परत करतं. महाराष्ट्रात स्त्रियांना मिळकतीच्या वादात कोर्ट फी माफ आहे, १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेनं. माहेरच्या हिश्श्यासाठी भांडणाऱ्या बहिणींना हे कुणी सांगत नाही. शिवाय जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

कुळाचा प्रश्न आला की दार बदलतं. कूळ आहे की नाही हे कुळकायद्याच्या कलम ७०(ब) खाली तहसीलदार ठरवतात, कलम ८५ नं दिवाणी न्यायालयाचा अधिकार काढून घेतला आहे. चालू दाव्यात प्रतिवादीनं "मी कूळ आहे" असं म्हटलं, तर दिवाणी न्यायालय कलम ८५-अ प्रमाणे तेवढा मुद्दा तहसीलदारांकडं पाठवतं आणि उत्तर येईपर्यंत दावा थांबतो. वेळ काढायला हा बचाव सर्रास घेतात. वादीच्या वकिलानं १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाच्या (कसणारं कूळ मालक मानलं गेलं त्या दिवसाच्या) आगेमागेचे सातबारे, ३२-ग ची (कुळानं द्यायची किंमत ठरवण्याची) कार्यवाही झाली का, ३२-म चा (कुळाच्या खरेदीचा) दाखला आहे का, हे दाव्यासोबतच दिलं, तर बचाव पोकळ आहे हे पहिल्याच तारखेला दिसतं. आणि एक लक्षात घ्या: मी कूळ आहे असं म्हणणारा समोरच्याला जमीनमालक मानतोच. त्याच तोंडानं प्रतिकूल कब्जा सांगता येत नाही.

भाडेकरूला घरातून किंवा दुकानातून काढायचं असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, त्याचं न्यायालय आणि त्याचीच कारणं. गायरान आणि इतर शासकीय जमिनीवरचं अतिक्रमण जिल्हाधिकारी महसूल अधिनियमाच्या कलम ५० व ५३ खाली काढू शकतात. हक्काचा वाद असेल तर कलम २० ची चौकशी मागता येते, आणि त्या आदेशाविरुद्ध दिवाणी दावा वर्षाच्या आत लावावा लागतो. शासनाला प्रतिवादी करताना दिवाणी संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस विसरू नका. गायरानावर तीस वर्षांच्या वहिवाटीचा भरवसा मात्र कुणी धरू नये. जगपाल सिंग प्रकरणात जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं हटवण्याचे निर्देश सगळ्या राज्यांना दिले आहेत.

आपल्या जिल्ह्यात देवस्थान इनामाच्या जमिनी पुष्कळ आहेत. तिथं पुजाऱ्याचा ताबा सेवेपोटी असतो, मालकी देवाची. मध्य प्रदेशातल्या प्रकरणात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं हेच म्हटलं. अशी जमीन स्टॅम्पवर "लिहून" घेतली असेल तर दाव्याआधी जाणकार वकिलाला दाखवा. वतनाच्या, नवीन शर्तीच्या (परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या) जमिनींनाही तीच खबरदारी.

दाव्यात काय लिहायचं

मालकानं नुसती मनाई मागू नये. हक्कावर वाद उभा असेल तर मालकी ठरवून मागा. ताबा गेला असेल तर ताबाही मागा, आणि त्यासोबत मध्यंतरीचं (समोरच्याच्या बेकायदा ताब्याच्या काळातलं) उत्पन्न. अनाथुला सुधाकर प्रकरणाचा २००८ चा निकाल याच मुद्द्यावर आहे आणि इथं चुकलेले दावे अपिलात जाऊन पडतात.

कसणाऱ्याला आता फक्त बचाव करत बसावं लागत नाही. रविंदर कौर ग्रेवाल प्रकरणात ७ ऑगस्ट २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींनी ठरवलं, की प्रतिकूल कब्जानं हक्क पूर्ण झाला असेल तर वादी म्हणूनही तो मागता येतो. पण कैफियतीत (प्रतिवादीच्या लेखी उत्तरात) किंवा दाव्यात "प्रतिवादी पूर्वापार वहिवाट करतो" असं मोघम लिहून काही मिळत नाही. असं लिहावं लागतं: "ही जमीन वादीच्या वडिलांची आहे हे माहीत असताना प्रतिवादीने जून २००६ मध्ये ताबा घेतला, वादीच्या वडिलांनी हरकत घेतली असता त्यांचा हक्क नाकारला, तेव्हापासून उघडपणे स्वतःच्या हक्काने ऊस पिकवून बिले घेतली." म्हणजे आधी समोरच्याची मालकी मान्य करायची आणि मग ती संपली असं सांगायचं. ज्यांना "जमीन आमच्या आजोबांनी विकत घेतली" असंही म्हणायचं आहे, त्यांनी एकच रस्ता निवडावा. दोन्ही विधानं एकमेकांना खातात.

दावा चालू असताना कुणीही माणसं, ट्रॅक्टर, जेसीबी घेऊन शेतात उतरू नये. स्थिर ताब्यात असलेल्याला, मग तो मालक नसला तरी, कायदेशीर मार्गाशिवाय हुसकावता येत नाही, हे रामे गौडा प्रकरणात २००३ सालीच ठरलंय. दाव्यासोबत तूर्तातूर्त (तात्पुरत्या) मनाईचा अर्ज द्या. समोरचा आधी कोर्टात जाईल अशी शंका असेल तर कॅव्हेट (आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका असा अर्ज) घाला, ते ९० दिवस चालतं. हद्दीच्या वादात कोर्ट कमिशनर म्हणून भूमी अभिलेखचा मोजणीदार मागा. मारामारीची वेळ आली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६४ खाली कार्यकारी दंडाधिकारी तात्पुरता ताबा कुणाचा ते ठरवू शकतात, पण त्यानं हक्क ठरत नाही.

निकाल लागल्यावर

जिल्हा न्यायालयातल्या पहिल्या अपिलानंतर दुसरं अपील उच्च न्यायालयात, तेही कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच. त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कामं तिथं चालतात.

हुकूमनामा हातात आला म्हणजे ताबा आला असं नाही. त्यासाठी दरखास्त (हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागणारा अर्ज) लावायची, मुदत बारा वर्षं. स्थगिती नसेल तर वाट बघत बसू नका. बेलिफ शेतात येतील त्या दिवशी क-प्रत, मोजणीदार आणि गावातले दोन पंच हजर ठेवा. उभं पीक असेल तर कोर्टाकडून त्याबद्दल आधी हुकूम घ्या, नाहीतर तोडणीवरून नवा वाद लागतो. हद्दीचे दगड त्याच दिवशी रोवा, पंचनाम्यात त्यांची जागा लिहून घ्या, ताबा पावतीवर सह्या घ्या. मग हुकूमनामा आणि ताबा पावतीची प्रमाणित नक्कल लावून तलाठ्याकडं फेरफाराची वर्दी द्या आणि नोंद मंजूर झाल्यावर नवा सातबारा व आठ-अ (खातेउतारा) काढून क्षेत्र आणि नाव जुळवून बघा.